शेवटच्या वर्षाचा माफीनामा

सातव्या सेमिस्टरचा निकाल लागला त्या दुपारी मी हैदराबादला आमच्या तारनाक्याच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. शेजारी आई तुरीच्या शेंगा सोलत होती. सगळी मुलं एकाच वेळी विद्यापीठाच्या पोर्टलवर तुटून पडल्यामुळे निकालाचं पान उघडतच नव्हतं. मला वाट बघायचा कंटाळा. मी माझ्या नावानं लॉगिन केलेलंच होतं, म्हणून ब्राउझरच्या वरच्या पट्टीतल्या पत्त्यातच स्वतःचा परीक्षेचा हॉल टिकट नंबर टाकला आणि एंटर मारलं. पान उघडलं, पण त्यावरचा फोटो माझा नव्हता.

घाईत शेवटचा आकडा चुकला होता. समोर आमच्याच वर्गातला एक मुलगा होता. त्याचे मार्क, वडिलांचा फोन नंबर, आधार नंबर, जात, घरचा पत्ता, सगळं उघडं. मी आत शिरले होते माझ्या किल्लीनं आणि दार उघडलं होतं त्याचं. म्हणजे विद्यापीठातला कोणीही कोणाचंही दार उघडू शकत होता.

मी पान लगेच बंद केलं. खोटं कशाला सांगू, घाबरण्याआधी मला आनंद झाला होता. मी सायबर सिक्युरिटी शिकत होते. कंपन्यांच्या यंत्रणेत त्यांच्या परवानगीनं शिरायचं, कुठे भोक आहे ते शोधायचं आणि त्यांना दाखवून द्यायचं, हे काम मला करायचं होतं. वर्गातली बाकीची मुलं कुठलीही नोकरी चालेल म्हणायची, मला हीच हवी होती. रविवारी मी स्पर्धांना बसायची, सुट्ट्यांत परीक्षा द्यायची. पण ते सगळं मुद्दाम पाडून ठेवलेल्या भोकांवर. खरं भोक पहिल्यांदाच दिसलं होतं.

आमचे विभागप्रमुख सर या विषयाचा कायदा आणि नीती शिकवायचे. त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं : "आधी परवानगी, मग कीबोर्ड." म्हणून पुन्हा तपासून बघण्याआधी मी माझ्या मैत्रिणीला फोन केला. ती नलगोंडाकडची, शेतकऱ्याच्या घरातली, हॉस्टेलवर राहणारी. आम्ही पहिल्या वर्षापासून एका बाकावर. गावाकडचा एक मुलगा तिच्या मागे लागला होता म्हणून तिनं नंबरही बदलला होता. नवा नंबर घरचे, कॉलेजचं ऑफिस आणि मी सोडून कोणाकडे नव्हता.

"तुझा हॉल टिकट नंबर टाकून बघू का?" मी विचारलं आणि प्रकार सांगितला.

"बघ की. त्यात काय."

मी पाहिलं. "तुझा नवा फोन नंबर दिसतोय. हॉस्टेलची खोलीसुद्धा."

तिनं खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "अवुना? खरंच? मग सांग ना कोणाला तरी. आजच सांग."

मी त्याच संध्याकाळी परीक्षा विभागाला आणि सरांना मेल लिहिली. चूक कशी घडली, काय दिसलं, कोणाच्या परवानगीनं पुन्हा तपासलं, आणि दुरुस्त कसं करता येईल, सगळं. शेवटी लिहिलं, काही मदत लागली तर मी हजर आहे. ती मेल मी आईला वाचूनही दाखवली. आई म्हणाली, "छान लिहिलंस. बक्षीस देतील तुला."

उत्तर आलं नाही. काही दिवसांनी डीनच्या ऑफिसातून बोलावणं आलं, तेव्हा मी इस्त्रीचा ड्रेस घालून गेले. आईचं बक्षीस डोक्यात होतं.

आत डीन होते आणि बाजूच्या खुर्चीवर आमचे सर. टेबलावर माझ्या मेलची प्रिंट, तिच्यावर लाल पेनानं रेघा मारलेल्या.

"तुला हे करायला कोणी सांगितलं?" डीननी विचारलं.

"कोणी नाही, सर. पहिल्यांदा चुकून झालं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"तपासायला. मैत्रिणीला विचारून."

"पोर्टल मैत्रिणीचं आहे का? विद्यापीठाची परवानगी होती?"

मी सरांकडे पाहिलं. ते टेबलाच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत होते. मला वाटलं, आता बोलतील. सांगतील की हेच मी यांना शिकवलं, भोक दिसलं तर लपवू नका, मालकाला सांगा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

डीन म्हणाले की पोर्टल बनवणाऱ्या कंपनीनं याला हल्ला म्हटलंय. चौकशी होईपर्यंत माझं प्लेसमेंट बंद. प्रकरण पोलिसांत जाऊ नये असं वाटत असेल तर माफीनामा द्यायचा. तो त्यांनी टाइप करूनच ठेवला होता. पुढच्याच महिन्यात सिक्युरिटीच्या कामासाठी मुलं घेणारी कंपनी कॅम्पसवर येणार होती, जिच्यासाठी मी पहिल्या वर्षापासून तयारी करत होते. मी कागद घेतला आणि विद्यापीठाच्या बसमध्ये बसले. घर येईपर्यंत तो उघडून वाचायचं धाडस झालं नाही.

आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी. पणजोबा जुन्या हैदराबाद संस्थानात शाळामास्तर, आजोबा कोर्टात भाषांतरकार, अप्पा रेल्वेच्या अकाउंट्समध्ये. अप्पांनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा टेबलावर सपाट ठेवून, ओळीखाली बोट धरून.

"सही करून टाक," ते म्हणाले.

"पण मी काही केलेलं नाही, अप्पा."

"मी कुठं म्हणतोय केलंस? माफी मागितल्यानं माणूस लहान होत नाही. पोलीस दारात आले तर होतो."

आईनं मध्ये पडून तिच्या भावाला फोन लावला. मामा नामपल्लीच्या कोर्टात वकिली करतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी एका अशिलाला बाहेर बसवून कागद वाचला आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"काय करायलीस तू? सही केलीस का यावर?"

"नाही."

"करू नको. 'जाणूनबुजून', 'अनधिकृत प्रवेश', 'इतरांची माहिती मिळवली'. हे माफी मागणं न्हवं पोरी, हा कबुलीजबाब आहे. पोलिसाला लिहायचे कष्ट पडू नयेत म्हणून तयार करून दिलेला." मग त्यांनी स्वतः चार ओळींचा अर्ज लिहून दिला. काय घडलं तेवढंच. "मैत्रिणीनं परवानगी दिली होती ना? तिला दोन ओळी लिहून द्यायला सांग. तेवढं पुरे आहे."

मला हायसं वाटलं. त्या दोन ओळींसाठी मी मैत्रिणीला फोन लावला. तिनं उचलला नाही. परत लावला. मेसेज केला, तो वाचल्याची निळी खूण आली आणि उत्तर आलं नाही. शेवटी मी तिच्या हॉस्टेलच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले.

ती बाहेर आली तेव्हा केस नुकतेच धुतलेले होते. मला बघून ती जागच्या जागी थांबली.

"मी सांगितलं त्यांना," ती म्हणाली, "मला काही माहीत नव्हतं म्हणून."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. "काय माहीत नव्हतं?"

"तू माझं पान बघितलंस ते. त्यांनी बोलावलं होतं. म्हणाले, परवानगी दिली असशील तर तूही त्यात आहेस. तुझंही प्लेसमेंट बंद." ती तेलुगुत बोलत होती, भराभर, माझ्याकडे न बघता. "नोकरी नाही लागली तर घरी नेतील मला, तो मुलगा आहे त्याच गावात. तुला माहीत आहे मग काय होईल."

"तूच म्हणालीस, आजच सांग."

"माहीत आहे."

"मग?"

ती रडायला लागली. मला रडू आलं नाही. हॉस्टेलच्या मुली आमच्याकडे बघत जात-येत होत्या. मी तिला म्हटलं, "जा आत," आणि वळले. फाटकापासून बसथांब्यापर्यंत कशी आले ते मला आठवत नाही.

मामांचा अर्ज मी दिला. डीननी तो परत पाठवला, आमचा मसुदा चालेल, दुसरा नाही म्हणून. मैत्रिणीच्या जबाबानंतर ते जास्तच ठाम झाले होते. वर्गाच्या ग्रुपवर मला कोणी 'हॅकरम्मा' म्हटलं आणि त्यावर हसण्याची चित्रं पडली. नंतर ग्रुपवर फक्त इंटरव्ह्यूच्या गप्पा. कुठल्या पॅनेलनं काय विचारलं, कोणते बूट घालायचे. मी वाचत राहायची. त्यांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मला येत होती, हेच सहन होत नव्हतं.

जेवण जाईना. दुपारभर पंख्याकडे बघत पडायचं, संध्याकाळी उठून उगाच चालायला जायचं. तेव्हा फ्लायओव्हरवरून जाताना मी कठड्याच्या बाजूनं चालत नसे. स्वतःचा भरवसा वाटत नव्हता. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, पण आईला काही तरी कळलं असावं. मी चपला घातल्या की तीही पिशवी घेऊन निघायची. "मलाही भाजी आणायचीय." घरात भाजी सडायला लागली तरी ती आणतच होती.

मग एका सकाळी अप्पा रजा टाकून, ऑफिसातल्या समारंभांना घालायचा सफारी घालून तयार झाले. "चल," म्हणाले. "मी बोलतो त्यांच्याशी."

डीननी आम्हाला बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसवून ठेवलं. अप्पा मनात वाक्यं जुळवत होते, ओठ हलत होते. आत गेल्यावर त्यांनी आपल्या अकाउंट्स ऑफिसातल्या नीटनेटक्या इंग्रजीत सुरुवात केली. आमचं घराणं, माझे मार्क, माझा हेतू. डीन ऐकत होते आणि फोनवर काही टाइप करत होते. अप्पांचं इंग्रजी हळूहळू संपत आलं. मग त्यांनी हात जोडले.

"सर, लहान आहे ती."

"लहान नाही. कायद्यानं सज्ञान आहे," डीन म्हणाले.

डीन अप्पांपेक्षा बरेच लहान होते. अप्पा खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले आणि वाकायला लागले. माझे अप्पा, जे देवळातसुद्धा नुसते हात जोडून बाहेर पडतात. मी ओरडले, "अप्पा!" आणि टेबलावरचं पेन उचललं. माफीनाम्याचा तसाच दुसरा कागद तिथेच उघड्या फाइलमध्ये होता. मी वाचला नाही. जिथं माझं नाव टाइप केलं होतं तिथं सही केली.

अप्पा अर्धे वाकलेले होते, ते सरळ झाले. डीननी कागद स्वतःकडे ओढून फाइल बंद केली.

"थँक यू, सर," अप्पा म्हणाले. "मग आता कंपनी येईल त्या दिवशी ती बसेल ना इंटरव्ह्यूला?"

डीनना खरंच आश्चर्य वाटलं असावं. "ते कसं शक्य आहे? आता तर तिनं लिहूनच दिलंय. असा विद्यार्थी मी कंपनीपुढे कसा उभा करू? पोलिसांत देत नाही, डिग्री अडवत नाही, हे पुष्कळ झालं."

परतीच्या बसमध्ये आम्हाला एकच जागा मिळाली. अप्पांनी मला बसवलं आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले. हबशीगुडा, आमच्या अलीकडचा थांबा, येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "मामाला सांगू नकोस, सही केली म्हणून."

कंपनी आली त्या दिवशीही मी गेले. का गेले, सांगता येणार नाही. वाटलं, कोणाला दया येईल, कोणाच्या लक्षात राहणार नाही. हॉलच्या दाराशी ओळखीचा वॉचमन होता. त्यानं हातातली यादी वरून खाली दोनदा पाहिली. "नाम नै है अम्मा. मैं क्या करूं, ऊपर से ऑर्डर है." मी कँटीनमध्ये जाऊन बसले. दुपारी टाळ्या ऐकू आल्या. निवडलेल्यांत माझी मैत्रीण होती.

आठवं सेमिस्टर मी मान खाली घालून संपवलं. एकदा जिन्यात सर भेटले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "ते पोर्टलचं दुरुस्त झालंय. तू लिहिलं होतंस तसंच केलंय त्यांनी."

"सर, तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात?"

ते एक पायरी खाली उतरले, थांबले. "माझ्या रिटायरमेंटला थोडंच राहिलंय," एवढं म्हणाले आणि गेले. मला राग यायला हवा होता. पण त्यांच्या पाठीकडे बघताना मला आमच्या अप्पांची पाठ आठवली आणि रागसुद्धा धड येईना.

डिग्री मिळाली. बाहेर अर्ज करायला लागले तेव्हा कळलं की प्रत्येक अर्जात तो प्रश्न असतो : तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का? मामा म्हणाले, हो लिही, नाही तर पडताळणीत सापडशील आणि मग तू खरंच खोटारडी ठरशील. सहीचं त्यांना एव्हाना कळलं होतं; ते अप्पांशी भांडले नाहीत, नुसते आमच्याकडे यायचे कमी झाले. मी 'हो' लिहीत गेले. बहुतेक ठिकाणाहून उत्तरच येत नसे. एकदा गच्चीबावलीच्या एका काचेच्या इमारतीत बोलावणं आलं. पॅनेलवरच्या दोघांनी मला घातलेलं कोडं मी त्यांच्यासमोर सोडवलं, एक जण तर पुढे सरकून बघायला लागला. मग एचआरच्या बाईंनी त्या 'हो'बद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी सहानुभूतीनं ऐकलं, खाली सोडायला लिफ्टपर्यंत आल्या. त्यांचा फोन पुन्हा आला नाही.

त्या उन्हाळ्यात अप्पा रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात लोक त्यांना विचारत होते, मुलगी कुठे लागली? ते म्हणत, "तयारी करतेय." घरी ते माझ्याशी बोलणं टाळायचे. ताटावर बसले की डोळे वर करत नसत. मी लॅपटॉप कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला होता. वाटायचं, ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त जीव लावला तिनंच मला बाहेर काढलं. आता दुसरं काही मला येत नाही आणि हे मला कोणी करू देणार नाही.

नोकरी शेवटी लागली ती आईच्या ओळखीतून. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी छोटी संस्था काढली होती. लहान सहकारी बँकांच्या लोकांना ऑनलाइन फसवणुकीपासून कसं वाचायचं ते शिकवायचं. आदिलाबाद, निजामाबाद, नांदेड, बिदर असा भाग. तेलुगु, उर्दू आणि मराठी तिन्ही बोलणारं माणूस त्यांना हवं होतं. माझा 'हो' त्यांनी वाचला, वर पाहिलं आणि विचारलं, "प्रवास झेपेल का?"

मला करायचं होतं ते हे काम नव्हे. मी एसटी स्टँडजवळच्या शाखांमध्ये उभी राहून सांगते, ओटीपी कोणाला देऊ नका, आलेली लिंक दाबू नका. संध्याकाळी लॉजवर परत आल्यावर कधी कधी उशीत तोंड खुपसून रडते. पण लॅपटॉप कपाटातून बाहेर आला.

पहिल्या महिन्यात एक अडचण आली. शाखांमध्ये लावायच्या सूचना मराठीत लिहायच्या होत्या. मी शाळेत तेलुगु आणि इंग्रजी शिकले. मराठी बोलते, पण लिहिताना इकार-उकारात बुडते. एका रविवारी मी कागद घेऊन अप्पांसमोर बसले. ते लाल पेन घेऊन एकेक ओळ तपासू लागले. "'माहिती'तल्या 'हि'ला पहिली वेलांटी. 'अनोळखी'तल्या 'खी'ला दुसरी." असं बरंच चाललं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सही मी करायला लावली तुला," ते म्हणाले.

आई स्वयंपाकघरात थबकली, भांड्यांचा आवाज थांबला. मला माहीत होतं मी काय म्हणायला हवं. नाही अप्पा, तुमचा काय दोष. ते म्हणणं सोपं होतं. पण ते इतके महिने बोलले नव्हते, आणि आता बोलले होते ते खरं होतं.

"हो," मी म्हटलं. "लावलीत."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग पेन उचललं आणि म्हणाले, "पुढची ओळ वाच." मी वाचली.

मैत्रीण बेंगळुरूला आहे. वाढदिवसाला मेसेज करते, मी थँक्स लिहिते. सुट्टीच्या दिवशी मी पुन्हा अभ्यासाला बसते, परीक्षा देते, आणि मला हव्या त्या कामासाठी अर्ज करते. परवा एक केला. त्यात 'हो'च्या खाली कारण लिहायला मोठी चौकट होती, पहिल्यांदाच. मी ती पूर्ण भरली. अजून उत्तर नाही.